चालतं स्टेशन गायब कसं करावं?

तुमच्या ताब्यात एखादं धडधाकट, गजबजलेलं रेल्वे स्टेशन असेल आणि त्याची विल्हेवाट कशी लावावी हे सुचत नसेल, तर एकदा कुलाब्याला या. लोकलनं येता येणार नाही. चर्चगेटला उतरून बसच्या रांगेत उभं राहा, कारण इथल्या मंडळींनी हे काम तुमच्या आधीच उरकून ठेवलंय.

पहिलं पथ्य म्हणजे घाई करू नका. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची (म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वजाची) गाडी १८७३ मध्ये कुलाब्याला आली, तेव्हा स्टेशन तात्पुरतं होतं. तात्पुरतं कुणीही मोडेल, त्यात कसब ते काय! म्हणून थांबून १८९६ मध्ये पक्की इमारत बांधली. एका बाजूला समुद्र, जवळच कापसाची गोदामं, लोकांनाही सवय लागलेली. असं सगळं जमून आलं की मोडायला हुरूप येतो.

दुसरं, मोडण्याआधी भरपूर खर्च करा. ५ जानेवारी १९२८ला कुलाबा ते बोरिवली विजेच्या लोकल सुरू झाल्या. खांब रोवले, तारा ओढल्या. ३१ डिसेंबर १९३०ला चर्चगेटच्या पुढची गाडी कायमची बंद! तीन वर्षंही भरली नाहीत. आमच्या गल्लीत रस्त्यावरचं डांबर वाळायच्या आत पाइपवाले कुदळी घेऊन हजर होतात, त्यांचं घराणं कोणतं ते मला इथे कळलं.

तिसरं, निमित्त भव्य हवं. नुसतं 'परवडत नाही' म्हणालात तर लोक हिशेब मागतात. 'समुद्र हटवतोय' म्हणा, कुणी मागत नाही. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅकबेत, म्हणजे मुंबईच्या पश्चिमेकडच्या उपसागरात, ११४५ एकर भराव घालायचं ठरलं. आता समुद्रच मागे रेटायचा, तर किनाऱ्यालगतच्या रुळांची काय पत्रास? पुढे खर्च फुगला, टाकलेला गाळ भिंतीतून परत समुद्रात जाऊ लागला आणि लोक योजनेला 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणू लागले. वकील आणि काँग्रेसचे पुढारी खुर्शेद नरीमन यांनी सगळा घोळ चव्हाट्यावर आणला, तेव्हा हार्वे नावाच्या इंजिनियरनं त्यांच्यावरच अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरीमन सुटले. भराव ठरल्याच्या निम्माही झाला नाही, रूळ मात्र वेळेवर उखडले. (पुढे समुद्र हटवून जी जागा झाली तिला नाव दिलं नरीमन पॉइंट. आभार मानावेत तर असे!)

लांबच्या गाड्यांची सोय आधी लावा, म्हणजे बोंब कमी होते. मुंबई सेंट्रल १८ डिसेंबर १९३०ला उघडलं. कुलाबा बंद व्हायच्या तेरा दिवस आधी.

आणि जागा हातची सोडू नका. तिथे आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. गाड्या चालवणाऱ्यांनी राहावं कुठे, तर जिथे गाडी येत नाही तिथे! मी फाटकावरच्या वॉचमनला विचारलं, "भाऊ, इथलं स्टेशन कुठे होतं?" त्यानं चर्चगेटकडे बोट दाखवलं. "उधर. टॅक्सी कर लो." काम किती साफ झालंय बघा.

आता ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट कुलाब्याशेजारच्या कफ परेडला येते. म्हणून नाउमेद होऊ नका. स्टेशन पक्कं बांधलंय, तारा ओढून झाल्यात. पहिली दोन पथ्यं तर पाळलीच आहेत.