आवडता रंग लाल, म्हणजे माणूस तापट?

वादाला सुरुवात झाली ती सोन्याच्या मोबाइलवरून. 'आवडता रंग सांगा, स्वभाव ओळखा' असलं काहीतरी त्याच्याकडे आलं होतं. पेंटरने निळा सांगितला. निकाल आला : तुम्ही वरून शांत दिसता पण आतून काळजी करता, माणसांवर पटकन विश्वास टाकता आणि पुढे पस्तावता, तुमच्या अंगात जेवढं आहे तेवढं अजून बाहेर आलेलं नाही.

"बरोब्बर!" पेंटर म्हणाला.

"आता हेच मला लाल रंगाखाली वाचून दाखव," मास्तर म्हणाले. मास्तर चित्रकलेचे, त्यामुळे रंगाचा विषय निघाला की ते पारावर पुढे सरकून बसतात. "मीही बरोब्बरच म्हणेन. आतून काळजी न करणारा माणूस कोण आहे? १९४८ साली फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि 'हे खास तुझं' म्हणून प्रत्येकाच्या हातात एकच मजकूर ठेवला. किती जुळतं याचे पाचपैकी गुण मागितले. सरासरी आली ४.२६. मजकूर उचलला होता भविष्याच्या पुस्तकातून."

सोन्या ऐकणारा नव्हता. "मास्तर, रंगांची खरी चाचणी आहे. स्वित्झर्लंडच्या ल्युशरने १९४७ मध्ये काढली. आठ रंगांची कार्डं आवडीच्या क्रमाने लावायची."

"आहे ना. पण नंतर तपासली गेली तेव्हा स्वभाव सांगायला ती भरवशाची ठरली नाही. गुलाबी कोठडीचंही तेच झालं. १९७९ साली अमेरिकेत सिअॅटलला नौदलाच्या तुरुंगात एक खोली गुलाबी रंगवली, कैदी शांत होतात म्हणून गाजावाजा झाला. पुढे स्वित्झर्लंडच्या तुरुंगात गुलाबी आणि पांढऱ्या कोठड्या नीट तुलना करून पाहिल्या, तर फरक सापडला नाही."

इथे पेंटर मास्तरांवर उलटला, आणि त्याचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. "रंगाचा परिणामच नाही असं म्हणू नका. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांहून जास्त परत फेकते, गडद निळी दहासुद्धा नाही. त्याच खोलीत तोच दिवा लावला तरी माणूस मरगळतो. पण हा उजेडाचा हिशोब आहे, स्वभावाचा नाही. आणि आवडता रंग म्हणाल तर तो शेडकार्डावरचा. कार्डावर दीड इंचाचा तुकडा गोड दिसतो, चार भिंतींवर तोच अंगावर येतो, कारण एका भिंतीचा रंग दुसरीवर पडून गडद होत जातो. म्हणून भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट पट्टा मारायचा, दोन हात द्यायचे, पूर्ण वाळू द्यायचा आणि सकाळच्या उन्हात एकदा, रात्री घरच्याच दिव्याखाली एकदा बघायचा. लाल आवडणारी निम्मी माणसं तिथे फिकट बदामीवर येतात. मग त्यांचा स्वभाव एका रात्रीत बदलला का?"

सोन्याने कपड्यांचा मुद्दा काढला. भिंत चार जणांची असते, शर्ट आपला असतो.

"शर्ट तरी आपला कुठे?" मास्तर म्हणाले. "नवरात्रात गुरुवारी अख्खा लोकलचा डबा पिवळा असतो, शुक्रवारी हिरवा. वाराप्रमाणे रंगांची ही यादी वीसेक वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकाने चालवली आणि ती रुजली. छान आहे, एकमेकींना ओळख नसताना बायका हसून बोलतात. पण त्यातून स्वभाव कुठला वाचणार? हिरवा चुडा, भगवी पताका, निळा झेंडा, जेजुरीचा पिवळा भंडारा, हे सगळे अर्थ माणसांनी मिळून ठरवलेत. ते माहीत असायलाच हवेत. आणि एके काळी विधवेला पांढरं किंवा लाल आलवण नेसायला लावत. त्या रंगावरून तिचा स्वभाव नाही, तिच्यावरची सक्ती कळायची."

त्यावर कुणी काही बोललं नाही. मग दाजी बोलले. चष्म्याचं दुकान असलेला माणूस, कमी बोलतो.

"क्लोद मोने घ्या. फ्रान्सचा चित्रकार. उतारवयात त्याची चित्रं तांबडी-तपकिरी होत गेली. रंगावरून स्वभाव सांगणारा म्हणाला असता, माणूस चिडका झाला. त्याला १९१२ मध्ये मोतीबिंदू निघाला होता. डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी झालं की निळा उजेड फारसा आत पोचत नाही. रंगाच्या नळ्यांवरची नावं वाचून आणि पॅलेटवर रंग ठरलेल्या जागी ठेवून तो काम करायचा. १९२३ मध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि निळा परत आला. तर माणसाने निवडलेल्या रंगावरून आधी त्याचा डोळा ओळखावा. आजोबांनी एका पायात काळा आणि एकात गडद निळा मोजा घातला असेल तर ते विसराळू झालेत असं धरू नका. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने एक-तृतीयांशच उजेड पोचतो, आणि त्यात पहिला जातो तो निळा."

मेडिकलवाल्या वहिनी दुकानाच्या दारातून ऐकत होत्या. त्या बिस्किटाचा पुडा घेऊनच बाहेर आल्या. "हा हिरवा ठिपका बघा. मांसाहारी पदार्थावर पूर्वी असाच तपकिरी ठिपका असायचा. आता तिथे तपकिरी त्रिकोण आहे. का बदलला?"

दाजींनी लगेच सांगितलं. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्या डोळ्याला हिरवा आणि तपकिरी सारखेच मळकट दिसतात. दोन्ही ठिपके गोल असले तर शाकाहारी माणसाने ओळखायचं कशावरून? म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आकारच वेगळा केला. रंग चुकला तरी आकार चुकत नाही.

इथून वादाची गाडी वळली. दाजींचं म्हणणं असं, की रंगाबद्दल जे खरंच माहीत आहे ते दुसऱ्याच्या डोळ्यासाठी वापरा. त्याला पैसा लागत नाही. सोन्याला हे किरकोळ वाटलं. "रंगांधळे असतात तरी किती?"

"युरोपात मोजलंय," दाजी म्हणाले, "बारा पुरुषांत एक, बायकांत दोनशेत एक. दोष आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतो. मुलग्याकडे एक्स एकच, म्हणून मुलग्यांत जास्त. आणि त्या माणसाला स्वतःला कळत नाही, ही खरी अडचण. जॉन डाल्टनसारख्या शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये स्वतःच्या डोळ्यावर निबंध वाचला, तरी त्याचा समज हाच की डोळ्यातलं पाणी निळं असेल. तपासायला इशिहाराचं, रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेलं पुस्तक लागतं. दिवसाच्या उजेडात, पाऊण मीटरवरून, एका पानाला तीन सेकंद. मोबाइलवर बघून निकाल लावू नका, पडद्याचा रंग प्रत्येकाचा वेगळा. आणि एक सांगून ठेवतो, दोष निघाला म्हणून मुलाला 'लायसन मिळणार नाही' असं घाबरवू नका. सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना २०२० पासून वाहन परवाना मिळतो. रेल्वेचा ड्रायव्हर होता येत नाही, ते मात्र आधीच कळलेलं बरं."

मास्तरांनी शाळेचं सांगितलं. हिरव्या फळ्यावर लाल खडू वापरू नये, काही मुलांना ती ओळ दिसतच नाही. पांढरा किंवा पिवळा घ्यावा. खडूरंगांच्या कांड्यांवरचा कागद सोलू नये, त्यावर रंगाचं नाव असतं. नकाशात दोन जिल्हे नुसत्या रंगाने वेगळे न करता एकात तिरप्या रेघा माराव्यात. आणि मुलाने झाडाचं खोड हिरवं रंगवलं तर वर्गात हसायचं नाही, घरी चिठ्ठी पाठवायची.

वहिनींचा मुद्दा औषधांचा, आणि त्यावर त्या सगळ्यांत जास्त कळकळीने बोलल्या. "म्हाताऱ्या माणसांना 'सकाळी पांढरी, रात्री गुलाबी' असं सांगू नका. रक्तदाबाची तीच गोळी एका कंपनीची पांढरी, दुसरीची पिवळी. पुढच्या महिन्यात कंपनी बदलली की गोंधळ, आणि मग एक गोळी दोनदा घेतली जाते, दुसरी राहते. खूण हाताला लागणारी हवी. सकाळच्या डबीला एक रबरबँड, रात्रीच्या डबीला दोन. पांढऱ्या कागदावर जाड काळ्या मार्करने 'सकाळ' लिहायचं, अक्षर बोटाच्या पेराएवढं. पाकीट कापताना नाव आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलीय ते टोक शेवटपर्यंत राखायचं. गोळ्या पाकिटातून काढून एका बाटलीत ओतून ठेवणं तर करूच नये."

पेंटरने विचारलं, मग घरात काय करायचं? दाजी म्हणाले, रंग कोणता हे विसर, मागचा आणि पुढचा यांत फरक किती ते बघ. पांढऱ्या ताटात पांढरा भात कमी दिसणाऱ्याला दिसत नाही, गडद ताटात वाढा. पांढऱ्या कपात ताक ओतलं की कुठवर भरलं ते कळत नाही. पांढऱ्या भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड असेल तर भोवती काळ्या टेपची चौकट करा. फरक पुरेसा आहे का ते तपासायचं असेल तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत वस्तू मागच्या रंगात विरली तर तो रंग उपयोगाचा नाही. काही लाल आणि हिरवे शेजारी ठेवले तर फोटोत जवळजवळ एकच करडा दिसतो.

आता सोन्याचीच पाळी होती, आणि त्याने उसाचा विषय काढला. गळीत हंगाम सुरू आहे, रात्री ट्रॉल्या रस्त्याला लागतात, मागे लाल फडकं बांधलेलं असतं. "लाल तर धोक्याचाच रंग ना?"

"दिवसा," मास्तर म्हणाले. "अंधारात सगळ्यात आधी विझतो तो लाल. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी हे नोंदवलं. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करतात आणि त्यांना लाल जवळपास काळा दिसतो. रात्री फडकं नको, उजेड आला त्याच दिशेला परत फेकणारी पट्टी हवी. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी."

पट्टी असूनही अपघात का होतात, यावर पेंटरकडे उत्तर होतं. मोळ्यांची वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खाली लोंबतात आणि रिफ्लेक्टर झाकतात. उरलेला चिखलाने जातो. पट्टी लावायची तर चौकटीच्या खालच्या आडव्या पट्टीवर, जिथे ऊस लोंबत नाही. आधी गंज खरवडून, थिनरने पुसून, कोरड्या पत्र्यावर. ओल्यावर लावली तर आठवड्यात सुटते. रोज रात्री निघताना ओल्या फडक्याने एक हात फिरवायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. ट्रॉलीवाला चहाला थांबला असेल तर हे आपणही करू शकतो, फक्त त्याला विचारून.

विचारण्यावरून पांढऱ्या काठीचा विषय निघाला. तो एक रंग खरंच काहीतरी सांगतो : मला दिसत नाही. काठीवर लाल पट्टे असतील तर ऐकूही येत नाही. दाजी म्हणाले, चुका इथेच जास्त होतात. लोक मागून दंड धरून ढकलतात किंवा काठीच ओढतात. आधी "सोबत येऊ का?" विचारावं. हो म्हणाले तर आपलं कोपर त्यांच्या हाताशी न्यावं, धरायचं काम त्यांचं. आपण अर्धं पाऊल पुढे. पायरी आली की थांबून "पायरी वर" किंवा "पायरी खाली" असं पूर्ण सांगावं, नुसतं "जपून" म्हटल्याने काही कळत नाही. खुर्चीशी पोचल्यावर त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून द्यावा. जेवताना ताट म्हणजे घड्याळ धरून जागा सांगावी : भात सहाला, आमटी दोनला. आणि निघताना "मी निघतो" म्हणावं, नाहीतर माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहतो.

वाचनालयाच्या पायऱ्या पारावरून समोरच दिसतात. काळा कडाप्पा, सगळ्या सारख्याच. उतरताना शेवटची कुठली ते चांगल्या डोळ्यालाही संध्याकाळी कळत नाही. तिथे कडेला पिवळा पट्टा हवा यावर एकमत झालं, कशाचा यावर नाही.

पेंटरचं मत ऑइल पेंटला होतं. पॉलिश कडाप्पा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून खरखरीत करायचा, कारण गुळगुळीत दगडावर रंग धरत नाही. मास्किंग टेप लावून पहिला हात, तो ओला असतानाच चाळलेली बारीक वाळू भुरभुरायची, वाळल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा हात. वाळूशिवाय पट्टा मारला तर पावसात पाय घसरेल, म्हणजे मदतीऐवजी उलटंच. चोवीस तास जिना बंद ठेवावा लागेल.

दाजींना टेप हवी होती, न घसरणारी, खरखरीत, दोन इंची. जिना तासाभरात सुरू होतो. फक्त कोपरे गोल कापायचे, चौकोनी कोपरा चपलेला लागून उचकटतो. आणि पट्टी पायरीच्या आडव्या भागावर, अगदी कडेशी लावायची. उभ्या भागावर लावली तर चढणाऱ्याला दिसते, पडतो तो उतरणारा. पायरीच्या मधोमध जोड येता कामा नये.

पायऱ्या बारा, प्रत्येक चार फुटांची. सोन्याने हिशोब केला : पाच मीटरचा रोल म्हणजे सोळा फूट आणि वर पाचेक इंच, एका रोलमध्ये चार पायऱ्या बिनजोड, तीन रोल. पेंटर थोडा वेळ जिन्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, टेपच आणा, पण उरलेले पाच-पाच इंचांचे तुकडे टाकू नका. अर्ध्या इंचाच्या पट्ट्या कापल्या तर आतल्या तिन्ही स्विचबोर्डांना चौकटी होतील. पांढऱ्यावर पिवळा दिसला नाही तरी खरखरीत आहेत, हाताला लागतील.