त्याची मराठी काढून घेऊ नका

वहिनीचा फोन आला तेव्हा इथं इंग्लंडमध्ये दुपार होती, खानापुरात दिवेलागण झाली होती. भाचा साडेतीन वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असल्याचं गेल्या महिन्यात समजलं. बेळगावातल्या एका केंद्रात आठवड्याला तीन तास न्यायचं ठरलं आणि पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंनी बजावलं, "घरात एकच भाषा बोला. इंग्रजी बोललात तर उत्तम, पुढं शाळेत उपयोगी पडेल." वहिनी मला विचारत होती, "वन्सं, मग मी त्याला 'ये सोन्या, जेव' म्हणायचंच न्हाई काय?"

म्हणायचं. दिवसभर म्हणायचं. दोन भाषांच्या घरात वाढल्यानं स्वमग्न मुलाचं बोलणं आणखी लांबतं, ही समजूत अभ्यासात टिकलेली नाही. कॅनडात मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एकभाषी आणि द्विभाषी घरांतली स्वमग्न मुलं ताडून पाहिली. दोन भाषा ऐकणारी मुलं त्यामुळे मागं पडलेली त्यांना दिसली नाहीत. नंतरच्या अभ्यासांतूनही तेच पुढं आलं.

वहिनी निपाणीत मराठी माध्यमात शिकली. तिला इंग्रजी वाचता येतं, पण इंग्रजीत लाडीगोडी लावता येत नाही, रागावून लगेच हसता येत नाही. तिला इंग्रजीच बोलायला लावलं तर तिच्याकडं उरतात तीन शब्द: कम, सिट, ईट. म्हणजे ज्या मुलाला जास्तीत जास्त बोलणं ऐकायला हवं, त्याची आईच मुकी होते. घरातली बाकीची माणसं त्याच्या डोक्यावरून मराठीत बोलत राहतात आणि त्यातलं काही त्याच्यासाठी नसतं.

आम्ही सीमाभागातली माणसं. १९५६ पासून भाषेचा प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या पानावर आहे. महाजन आयोग, एक नोव्हेंबरचा काळा दिवस, सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा, दुकानांवरच्या पाट्या, हे सगळं ऐकतच मी वाढले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगणारं राज्यघटनेचं ३५०-अ हे कलम आमच्याकडं कितीतरी जणांना तोंडपाठ आहे. पण शाळेत जायच्या आधीच, उपचाराच्या नावाखाली, एखाद्या लेकराची मराठी घरातूनच बंद करायला सांगतात, त्याबद्दल एकाही सभेत कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. मला याचा राग आहे.

माझा मुलगाही स्वमग्न आहे. आता नऊ वर्षांचा झाला. इथली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मुलाला तज्ज्ञांकडं पाठवल्यापासून तीन महिन्यांत तपासणी सुरू व्हावी. आम्ही वर्षाहून जास्त थांबलो. परदेशात सगळं वेळेवर मिळतं असं गावाकडं कुणी म्हणालं की मी हे आवर्जून सांगते. पण थांबल्यानंतर जे मिळालं, ते मोलाचं होतं. एक बाई घरी यायच्या, जमिनीवर बसायच्या, आणि शिकवायच्या मला. मुलाला नव्हे.

तेव्हा माझा मुलगा डब्यांची झाकणं लहानमोठी लावून ओळ करायचा. तास तास. मी ती ओळ मोडायला जायची, कारण हा खेळ नव्हे असं मला वाटायचं. त्या बाई म्हणाल्या, ओळ मोडू नका, शेजारी बसा. एक झाकण तुमच्या हातात ठेवा आणि गप्प थांबा. त्यानं हात पुढं केला की एकच शब्द बोला आणि द्या. मी "झाकण" म्हणायची. कित्येक आठवडे नुसता हात येत होता. मग एके दिवशी हात येण्याआधी त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग झाकणाकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

एकाच वस्तूकडं दोघांनी मिळून पाहणं, याला तज्ज्ञ सामाईक लक्ष म्हणतात. बहुतेक मुलं वर्षाच्या आसपास बोट दाखवतात आणि मागं वळून आईनं पाहिलं का ते बघतात. स्वमग्न मुलांत हे उशिरा येतं, वेगळ्या वाटेनं येतं. शब्द बऱ्याचदा याच पायावर उभा राहतो. म्हणून "हा रंग कुठला? सांग की, सांग" असा मारा करू नये. त्यानं खेळाची परीक्षा होते आणि मूल उठून जातं. शिवाय ती ओळ त्याच्या आनंदाची आहे. रोज थोडा वेळ ती तशीच राहू द्यावी, कुणी काही शिकवू नये.

रोजच्या कामांचंही असंच. सदरा घालायला शिकवताना आम्ही शेवटून सुरुवात केली. डोकं, हात सगळं मी घालायची, फक्त पोटावरून खाली ओढायचं त्याच्याकडं. ते जमलं की एक हात त्याचा. पूर्ण झाल्याचं समाधान पहिल्या दिवसापासून त्याचंच.

आमच्या खानापूरच्या घरात याला किती जागा आहे! बंब, बादली, तांब्या, भाकरीचं पीठ, शेंगा सोलणं, गल्लीत आळीपाळीनं खेळणारी पोरं. इथं माझ्याकडं शिकवणारी बाई होती, पण पाळी घेऊन खेळायला माणूस नव्हतं. तिथं दहा माणसं आहेत. मात्र त्या दहा माणसांचं प्रेम असं की मुलाला काही मागावंच लागत नाही. माझी आई भाच्याला अजून भरवते. पाणी लागायच्या आधी पेला तोंडाशी येतो. तीच माणसं म्हणतात, "बोलंल की, पोरगं हाय, गडबड कशाला?" आणि वर्षभरानं वहिनीवर घसरतात, "तूच मोबाईल दाखवलास." मोबाईलमुळे ऑटिझम होत नाही. मेंदूची ही घडण जन्माआधीच सुरू होते, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या मुलांचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्यानंतर कित्येक वर्षं "थंड" आईला दोष दिला गेला. आज तोच दोष मोबाईल देणाऱ्या आईला मिळतो आहे.

पालकांना शिकवायला मोठं रुग्णालयच लागतं असंही नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथं आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी खेळतानाचे त्यांचेच व्हिडिओ दाखवले. पालक मुलाच्या कलानं घेऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. जागतिक आरोग्य संघटनेचाही दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक कार्यक्रम आहे: नऊ गटसत्रं, तीन घरभेटी, आणि विषय खेळ अन् घरातली रोजची कामं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत तपासणीला जातात. अंगणवाडीतायांना हे शिकवा, मराठीत आणि कन्नडमध्येही. इंग्रजीच बोला हा सल्ला बैलहोंगलच्या कन्नड आईलाही तितकाच छळणार आहे. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरेल तेव्हा दोन्ही भाषांच्या आमदारांनी ही एक मागणी एकत्र मांडावी.

वहिनीला मी उद्यापुरतं एवढंच सांगितलं: आंघोळीला तांब्या भरून वर धर आणि थांब. मनात दहा मोज. तो बघेल, हात ओढेल, नुसता हुंकार देईल. जे येईल ते त्याचं मागणं समज, "पाणी" म्हण आणि ओत. जेवतानाही तसंच.

मागं आई ऐकत होती. तिनं फोन घेतला. "घास धरून थांबायचं, एवढंच न्हवं? आणि त्यो रडला तर?"

"रडायच्या आधी दे, आई. उद्या पाचच मोज."