पाणि म्हणजे हात

सोमवारी संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर मी एक ओळ टाकली: 'बुधवारी पहाटे ५ ला नळाला पाणि येणार.' २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलं आमचं लातूर. इथं असली ओळ लग्नाच्या तिथीसारखी वाचतात.

दोन मिनिटांत शेजारचे रिटायर गुरुजी उगवले. 'पाणी! पाणि म्हणजे हात. बुधवारी नळाला कोणाचा हात येणार?' त्याखाली अकरा हसरी तोंडं. माझ्या निरोपाला अंगठाही नाही.

तेवढ्यात वॉलमनचा फोन आला. बुधवार नाही, उद्याच, मंगळवारी. व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांत लिहिलेलं बदलता येतं. मी वार बदलला, पहिली वेलांटी काढून दुसरी दिली आणि गप बसलो.

साडेनऊला दार वाजलं. कपाळावर चष्मा, हातात मोबाईल.

"काय करलालास हे?"

"चूक दुरुस्त केली, गुरुजी."

"तुझी झाली दुरुस्त. माझं काय? आता जो बघंल तो म्हणंल, लिहिलंय बरोबर, म्हातारं उगंच हातावर कामून घसरलं?"

"मग काय करायचं होतं?"

"तीस वर्षं हजेरीपट लिहिला मी. ब्लेडनं खरडलं नाही कधी. चुकलेल्यावर आडवी रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, बाजूला सही ठोकायची. चुकलेलं पानी दिसाया पाहिजे लोकांला!"

पानी! तोंडानं पानी म्हणणारा माणूस माझी वेलांटी काढतो. शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ चे चार, अठराही पाठ. वर्गात छडीनं पाठ करून घेतलेले. माझ्याही तळहातावर दोन-तीन नियम अजून असतील. (पाणि म्हणजे हात, हे तेव्हा सांगायचं होतं.) आणि राग ह्याचा, की त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. मोबाईलवर शब्दावर रेघ मारता येते, हेही मला ठाऊक होतं. पण अकरा हसरी तोंडं डोळ्यांपुढून जाईनात. एवढा वेळ निरोप डोळ्यांजवळ धरून हा माणूस एकच शब्द बघत होता. वार बदललाय, हे मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. "बरं, गुरुजी" म्हणून दार लावलं.

मंगळवारी पाणी येऊन गेलं. बदललेल्या निरोपाची घंटी वाजत नाही, त्यामुळं निम्मी गल्ली झोपलेली. नवाला गुरुजी रिकामी घागर घेऊन दारात, मागं काकू.

"आम्हाला सांगितलं कामून नाही?"

मी मोबाईल पुढं केला. काकूंनी वाकून वाचलं आणि गुरुजींच्या हातातली घागर ओढून घेतली.

"अवो, वेलांटी दिसली, वार दिसला न्हाई व्हय?"