निवृत्त माणसाने स्वयंपाकघर कसे लावावे

बँकेतून किंवा झेडपीतून निवृत्त होऊन महिना झाला असेल, आमराईत फेऱ्या मारून गुडघे बोलायला लागले असतील आणि घरात तुमचा सल्ला कुणी मागत नसेल, तर खचू नका. तुमच्याच घरात एक खोली अशी आहे, जिथं तुम्ही आजवर पाण्याच्या तांब्यापलीकडे हात घातलेला नाही. तीच आता सुधारायची. अनुभव नाही म्हणून कचरायचं कारण नाही. अनुभव असलेल्यांनीच तिची ही अवस्था केलीय.

आधी स्टीलचे आणि पत्र्याचे डबे बाहेर काढा. एखाद्यावर वास्तुशांतीची तारीख कोरलेली असेल, एखाद्यावर आहेर देणाऱ्या मामांचं नाव. गुंतू नका, मोडीत घाला. मग एकसारख्या काचेच्या बरण्या आणा. मैदा, तांदळाचं पीठ, पिठीसाखर आणि खायचा सोडा शेजारीशेजारी मांडले की जी शुभ्र शिस्त दिसते, ती तुमच्या ऑफिसातही कधी नव्हती. चिठ्ठ्या वळणदार इंग्रजी अक्षरांतच चिकटवा. आईला वाचता येत नाही अशी तक्रार येईल. आजवर तिनं मोहरीचा डबा वाचून उघडला होता का, असं उलट विचारा. (विचारताना जरा लांब उभे राहा.)

हळदीची जागा खिडकीत, उन्हात. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. एवढी मानाची वस्तू अंधारात कोंडायची म्हणजे कृतघ्नपणा. उजेडानं रंग उडतो म्हणे. उडू दे. फिकी पडली की पाहुण्यांना सांगता येतं, बघा, भेसळ नाही. आपल्या जुन्या लोकांना यातलं काही कळत नव्हतं. सांगलीजवळच्या हरिपुरात त्यांनी जमिनीत पेवं खणली आणि पोत्यांनी हळकुंडं बंद अंधारात वर्षानुवर्षं ठेवली. कीड लागत नव्हती, हे मान्य. पण फोटो काढण्यासारखं एक तरी पेव होतं का?

उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेली वर्षाची चटणी चिनी मातीच्या बरणीत दाबून भरलेली असेल, मध्ये हिंगाचे खडे, तोंडाला फडकं. सगळी उपसा. खडे निवडून फेका, काचेतून विचित्र दिसतात. गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेल चोळणं बंद. बरणीवर बोटं उमटतात. रवा भाजून ठेवू नका, पांढरेपणा जातो. नवीन डाळ नेहमी जुनीवरच ओता, म्हणजे तळाची डाळ कुणाच्या हाती न लागता मुरत राहते. श्रावणात बरणीत हालचाल दिसायला लागली की पारदर्शक काचेचं खरं मोल कळतं. स्टीलच्या डब्यात हेच किडे किती दिवस लपून राहिले असते!

माळा तर पाडूनच टाका. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा गावभागात लोकांनी पोती कुठं चढवली होती, हे शेजारच्या काकू तासभर सांगतील. ऐकून घ्या, वय झालंय त्यांचं. माळा असलेलं स्वयंपाकघर जुनाट दिसतं. त्याऐवजी फरशीलगत खोल ड्रॉवर करून घ्या, हलकेच, आवाज न करता बंद होणारे. पाणी आत शिरलं तरी कुणाची झोपमोड होणार नाही.

बेदाणे, काजू वगैरे नातवंडांच्या हाताच्या उंचीवर ठेवा. त्या बरण्या आपोआप रिकाम्या आणि स्वच्छ राहतात.

संध्याकाळी आतून हाक येईल, ‘अहो, मोहरी कुठं ठेवलीय? तेल तापलंय!’ गडबडू नका. पेपर खाली न ठेवता सांगा, ‘दुसरा कप्पा, डावीकडून सातवी.’ ती नाचणी निघेल. फोडणी तडतडणार नाही. तडतडेल ते वेगळंच. त्या वेळी तुमची वही पुढं करा, जिच्यात प्रत्येक बरणीला क्रमांक, आवक-जावक आणि शेरा असा रकाना तुम्ही आखलाय. आणि प्रत्येक चमच्याला सही मागा.

यानंतर त्या माहेरी जाण्याची शक्यता आहे. त्यात वाईट काही नाही, बरण्या जागच्या जागी राहतील. दोन वेळचा डबा लावा. तो मात्र स्टीलचाच येईल. मेसवाल्या मावशींना विचारून बघा, काचेचा मिळतो का.