धारावी 'आपोआप' वाचली?

"धारावीत कोरोना आपोआप संपला, तिथल्या लोकांची इम्युनिटीच जबर. पुढच्या साथीत चाचण्या-विलगीकरणावर पैसा घालवू नका. कापूर-ओव्याची पोटली हुंगा, इमारतीत फवारणी करा." हा मेसेज काल मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला, वर 'पुरावा : 57 टक्के लोकांत अँटिबॉडी' ही शेपटी. तेव्हा लिहिणं भाग आहे.

आधी तो पुरावा. जुलै 2020 चं सेरो सर्वेक्षण, म्हणजे रक्तात अँटिबॉडी शोधणारी पाहणी, मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांचं. त्यात तीन विभाग घेतले होते : एफ उत्तर (माटुंगा), एम पश्चिम (चेंबूर) आणि आर उत्तर (दहिसर). धारावी येते 'जी उत्तर' विभागात. म्हणजे पुराव्यात धारावीच नाही! 57 टक्के हा त्या तीन विभागांतल्या झोपडपट्ट्यांचा आकडा. तिथल्याच इमारतींत तो 16 होता. आणि अँटिबॉडी सापडणं म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण. संडास सामायिक आणि खोल्या दाटीच्या, तिथे विषाणू जास्त फिरला, एवढाच त्याचा अर्थ. याला जबर इम्युनिटी म्हणायचं तर पुरात बुडालेल्याला पट्टीचा पोहणारा म्हणा.

बरं, इतक्यांना होऊन गेल्यावर प्रसार काही काळ मंदावतो, हे खरं. पण आपोआप? धारावीत पहिला रुग्ण 1 एप्रिल 2020 ला सापडला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं असतील तर 'घरातच वेगळे राहा' या सल्ल्याला अर्थ नसतो, म्हणून पालिकेने शाळा, सभागृहं, क्रीडा संकुल विलगीकरणाला घेतलं. खाजगी डॉक्टरांना पीपीई किट देऊन घरोघरी ताप तपासायला पाठवलं. आणि एप्रिल 2021 मध्ये रुग्ण पुन्हा वाढले, तो महिना मेसेजमधून गायब आहे.

पोटली सगळ्यांत घातक. कापराने नाकात गार वाटतं, श्वास मोकळा झाल्याचा भास होतो; रक्तातला ऑक्सिजन होता तेवढाच राहतो. या आजारात तर धाप न लागताही तो उतरतो. त्यामुळे पोटलीवाला निवांत बसतो आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो. त्यापेक्षा ऑक्सिमीटर घ्या. पाच मिनिटं स्वस्थ बसा, नेलपॉलिश काढा, बोट गार असेल तर चोळून गरम करा, आकडा स्थिरावेपर्यंत हात हलवू नका. 94 च्या खाली आला तर त्याच वेळी डॉक्टरांना गाठा. कापूर मुलांच्या हाताला लागू देऊ नका. गिळला तर झटके येतात.

फवारणीबद्दल थोडक्यात. माणसांवर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) मारू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्येच सांगितलं होतं. कड्या, नळ, बटणं पुसा. आधी साबणपाण्याने, कारण मळ राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. मग 5 टक्के हायपोच्या एका मापात चार मापं पाणी घालून त्या पाण्याचं फडकं फिरवा, दहा मिनिटं ओलं राहू द्या. द्रावण रोज ताजं करा. संडासाच्या ॲसिडमध्ये मात्र ते चुकूनही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो.