खुलासा : टाला टाकीबद्दलचं माझं विधान चुकीचं होतं

‘दुरुस्तीसाठी कोलकात्याची टाला टाकी अख्खी रिकामी करतात, तेवढे दिवस शहराचे नळ कोरडे,’ असं मीच लिहिलं होतं. तेच आता माझ्या नावाशिवाय ग्रुपांवर फिरतंय. ते चूक आहे.

१९११ पासून वापरात असलेली ही पोलादी टाकी सुमारे ११० फूट उंचीवर उभी आहे, क्षमता ९० लाख गॅलन. पण आत चार कप्पे आहेत, हे मी धरलंच नव्हतं. एक रिकामा करायचा, बाकीच्यांतून पुरवठा चालू ठेवायचा. अलीकडची मोठी दुरुस्तीही अशीच कप्प्याकप्प्याने झाली. महापालिकेने दिलेली माहिती आधी नीट वाचली असती तर कळलं असतं.

‘नुसता रंग फासतात’ हेही माझंच वाक्य. तेही मागे घेतो. पोलादी टाकीत गंज बहुधा पाण्याच्या पातळीच्या वर, छताच्या आतल्या बाजूला जास्त धरतो, कारण वाफ तिथे थेंब होऊन चिकटून राहते. रिव्हेटभोवती, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांभोवती, तपकिरी कडं दिसलं की तिथला पापुद्रा खरवडून पत्र्याची उरलेली जाडी मोजायची, झिजलेला पत्रा बदलायचा, रंग त्यानंतर.

जुना मेसेज आला तर कृपया पुढे पाठवू नका. हा पाठवा.