युरोपचा दंड ही खंडणी नाही

"अमेरिका शोध लावते, चीन नक्कल करतो आणि युरोप नुसते नियम करतो." या वाक्याने सुरू होणारा मजकूर कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर दर महिन्याला येतोच. पुढचा युक्तिवाद साधारण असा: युरोपला स्वतःचं गुगल काढता आलं नाही, म्हणून तो अमेरिकन कंपन्यांना दंड ठोकतो. ही सरळसरळ खंडणी आहे. पैसा ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपीय युनियनच्या, तिजोरीत जातो आणि ग्राहकाच्या हाती उरतं काय, तर बाटलीला चिकटलेलं बूच आणि प्रत्येक वेबसाइटवर कुकीची चौकट. भारताने हा रोग लावून घेऊ नये.

हे फॉरवर्डपुरतं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण २१ फेब्रुवारी २०२५ ला व्हाइट हाउसने काढलेल्या मेमोरँडमच्या शीर्षकातच 'परदेशी खंडणी' असे शब्द आहेत. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय युनियनच्या कार्यकारी यंत्रणेने, गुगलला जाहिरात तंत्रज्ञानाच्या (वेबसाइटवरच्या जाहिरातींची खरेदी-विक्री करणाऱ्या यंत्रणेच्या) प्रकरणात २.९५ अब्ज युरो दंड केला, तेव्हा ट्रम्प यांनी व्यापारी कारवाईची धमकी दिली. म्हणजे हा मजकूर आता सरकारी धोरणाची भाषा झालाय. माझ्या मते तो बऱ्याच अंशी खोटा आहे, आणि जिथे खरा आहे तिथेही चुकीच्या जागी बोट ठेवतो.

आधी बूच आणि कुकी बाजूला काढू, कारण त्यांचा या विषयाशी काही संबंध नाही. बूच बाटलीला जोडलेलं राहावं हा नियम एकदाच वापरायच्या प्लास्टिकबद्दलच्या कायद्यातला आहे, जुलै २०२४ पासून लागू झालेला. कुकीची चौकट खासगीपणाच्या कायद्यांतून आली. डिसेंबर २०२५ मध्ये एक्सला (पूर्वीच्या ट्विटरला) झालेला १२ कोटी युरोंचा दंड डिजिटल सेवांच्या वेगळ्या कायद्याखाली होता. स्पर्धा कायदा वेगळाच प्रश्न विचारतो: बाजारात ज्याचं वर्चस्व आहे, त्याने ते इतरांची वाट अडवायला वापरलं का? आणि जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी असायला हवेत, त्यांनी आतून हातमिळवणी केली का?

आता पहिला आरोप: "दंड फक्त अमेरिकन कंपन्यांना."

जानेवारी १९९७ मध्ये ब्रसेल्समधल्या एका हॉटेलात युरोपातल्या मोठ्या ट्रक कंपन्यांचे अधिकारी भेटले. तिथून पुढे १४ वर्षं या कंपन्या ट्रकच्या छापील किमती संगनमताने ठरवत राहिल्या. सुरुवातीला वरिष्ठ अधिकारी प्रदर्शनांच्या निमित्ताने भेटत, पुढे हे काम जर्मन उपकंपन्यांमधून ईमेलवर चालू लागलं. प्रदूषणाचे नवे मानक आले की त्यासाठीचं तंत्रज्ञान कधी आणायचं आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकावर कसा टाकायचा, हेसुद्धा ठरवून झालं. युरोपात बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकपैकी दहातले नऊ याच कंपन्यांचे. म्हणजे दोन ट्रकवर धंदा करणारा पोलंडचा किंवा स्पेनचा वाहतूकदार कुठेही भाव काढायला गेला, तरी भाव आधीच ठरलेला होता. मॅन कंपनीने हे आयोगाला स्वतःहून सांगितलं म्हणून तिला माफी मिळाली. बाकी चौघांना, म्हणजे व्होल्वो-रेनॉ, डाइमलर, इव्हेको आणि डॅफ यांना जुलै २०१६ मध्ये मिळून २.९३ अब्ज युरो दंड झाला. एकट्या डाइमलरचा वाटा एक अब्जाहून जास्त होता. स्कॅनियाने तडजोड नाकारली, तिला पुढच्या वर्षी ८८ कोटी युरो बसले. यात डॅफची मालक कंपनी तेवढी अमेरिकन, बाकी सगळ्या युरोपच्याच.

हा जुना किस्सा वाटत असेल तर अलीकडचा घ्या. एप्रिल २०२५ मध्ये जुन्या गाड्यांच्या पुनर्वापराबद्दल संगनमत केलं म्हणून १५ कार कंपन्या आणि त्यांच्या संघटनेला ४५.८ कोटी युरो दंड झाला, त्यात सगळ्यात मोठा फोक्सवॅगनला. जूनमध्ये बर्लिनची डिलिव्हरी हीरो आणि बार्सिलोनाची ग्लोव्हो या घरपोच जेवण देणाऱ्या कंपन्यांना ३२.९ कोटी युरो. त्यांचा गुन्हा वाचण्यासारखा आहे. एकमेकींचे कर्मचारी नोकरीवर घ्यायचे नाहीत, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. कामगारांच्या बाजारातल्या संगनमताला युरोपीय आयोगाने दिलेली ही पहिली शिक्षा, आणि ती दोन्ही घरच्याच कंपन्यांना.

आणि 'आपल्यांना सांभाळायचं' हाच हेतू असता तर ६ फेब्रुवारी २०१९ ला आयोगाने सीमेन्स आणि आल्स्टॉम यांच्या रेल्वे व्यवसायांचं विलीनीकरण रोखलं नसतं. ते व्हावं म्हणून जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारांनी जंग जंग पछाडलं होतं. चीनच्या महाकाय रेल्वे कंपनीशी टक्कर द्यायला 'युरोपचा चँपियन' हवा, असा त्यांचा धोशा होता. तेव्हाच्या स्पर्धा आयुक्त मार्गारेट व्हेस्टेअर यांनी बधायला नकार दिला. सिग्नल यंत्रणा आणि अतिवेगवान गाड्यांत युरोपातच स्पर्धा उरणार नाही, आणि चिनी कंपनी नजीकच्या काळात युरोपच्या त्या बाजारात उतरण्याची चिन्हं नाहीत, असं आयोगाचं उत्तर होतं. युरोपीय युनियनमधली दोन सर्वांत बलाढ्य सरकारं समोर असताना हा निर्णय झाला.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बड्या ऑनलाइन कंपन्यांना काय चालणार नाही ते आधीच सांगणाऱ्या डिजिटल बाजार कायद्याखाली ज्यांना 'द्वारपाल' ठरवलं, ती यादी जवळपास सगळी अमेरिकन आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अल्फाबेट (गुगलची मालक कंपनी), ॲमेझॉन, ॲपल, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि चीनची, टिकटॉकवाली बाइटडान्स, मग मे २०२४ मध्ये बुकिंग, जिचं कार्यालय ॲम्स्टरडॅमला आणि मालकी अमेरिकेत. पण कायद्याचा निकष देश हा नाही. युरोपात तीन वर्षं ७.५ अब्ज युरोंची उलाढाल किंवा ७५ अब्जांचं बाजारमूल्य, शिवाय महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते आणि वर्षाला दहा हजार व्यावसायिक वापरकर्ते, ही ती मोजपट्टी. हे आकडे ठरवताना कोण आत येणार याची कल्पना होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ज्या दारातून सगळ्यांना जावं लागतं त्या दाराचा मालक परदेशी आहे, म्हणून त्याला नियमच नको, हे मला पटत नाही.

दुसरा आरोप मला सगळ्यात जास्त खुपतो: "यशस्वी झाल्याची शिक्षा."

जून २००६ मध्ये इंग्लंडमधल्या ॲडम आणि शिव्हॉन राफ या नवरा-बायकोने चांगल्या नोकऱ्या सोडून फाउंडेम नावाची वेबसाइट सुरू केली. एखादी वस्तू कुठे किती किमतीला मिळते याची तुलना ती करून द्यायची. काही दिवसांतच ती गुगलच्या निकालांत पार खाली गेली. इतर सर्च इंजिनांवर ती नीट दिसत होती. काहीतरी चूक झाली असेल, स्पॅम समजून चाळणीत अडकली असेल, असं वाटून त्यांनी गुगलकडे दाद मागितली. दोन वर्षांहून जास्त काळ मागितली. शेवटी २००९ मध्ये ती दोघं ब्रसेल्सला गेली.

आयोगाने पुढे जे शोधलं ते असं. गुगलने स्वतःची खरेदी-तुलना सेवा निकालांत सगळ्यात वर, चित्रांसकट मांडली होती. प्रतिस्पर्धी सेवांना ज्या गणिती चाळण्या लागू होत्या, त्या स्वतःच्या सेवेला लावल्याच नव्हत्या. सर्वांत वरचा प्रतिस्पर्धीसुद्धा सरासरी चौथ्या पानावर दिसायचा. कंप्युटरवर जवळपास ९५ टक्के क्लिक पहिल्या पानावरच्या दहा निकालांवर पडतात, आणि दुसऱ्या पानावरच्या पहिल्या निकालाला मिळतो सुमारे एक टक्का. चौथ्या पानाची गत काय होत असेल ते आपलं आपल्याला कळतं. बाजारपेठेतल्या मुख्य रस्त्यावर जागा देणारा माणूसच दुकानदारही असेल आणि त्याने बाकीच्यांना मागच्या बोळात बसवलं, तर त्याला उत्तम दुकानदार म्हणून शाबासकी द्यायची का?

जून २०१७ मध्ये गुगलला २.४२ अब्ज युरो दंड झाला. गुगल अपिलात गेली, हरली, पुन्हा अपिलात गेली. १० सप्टेंबर २०२४ ला युरोपीय न्यायालयाने दंड कायम केला. वर्चस्व असणं हा गुन्हा नाही, त्याचा गैरवापर हा गुन्हा आहे, हे त्या निकालातही स्पष्ट आहे. पण फाउंडेम २०१६ मध्येच बंद झाली होती. तक्रारीपासून अंतिम निकालापर्यंत १५ वर्षं. युरोपच्या या यंत्रणेवर रागवायचं असेल तर इथे रागवा. ती खाबू नाही, ती भयंकर संथ आहे, आणि तिच्या संथपणाची किंमत तक्रारदार मोजतो. डिजिटल बाजार कायदा आणण्यामागचं मोठं कारणही हेच होतं. नुकसान झाल्यावर पुरावे गोळा करत बसण्यापेक्षा काय चालणार नाही ते आधीच सांगायचं.

बरं, हे सगळं युरोपच्या मत्सरातून आलं म्हणावं तर अमेरिकेतली न्यायालयं काय म्हणतात? गुगलवरचा सर्चचा खटला अमेरिकन न्याय खात्याने ऑक्टोबर २०२० मध्ये भरला, म्हणजे ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीत. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगल ही मक्तेदार आहे असा स्वच्छ निकाल दिला. एप्रिल २०२५ मध्ये व्हर्जिनियात न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी जाहिरात तंत्रज्ञानातही गुगलने बेकायदा मक्तेदारी केल्याचं म्हटलं. सप्टेंबरचा युरोपीय दंड याच धंद्याबद्दल आहे. ॲपलचं तर अजून जवळचं. बाहेर स्वस्त मिळतं हे ॲपवाल्यांना ग्राहकाला सांगू देत नाही, म्हणून २३ एप्रिल २०२५ ला आयोगाने ५० कोटी युरो दंड केला. बरोबर एका आठवड्याने कॅलिफोर्नियाच्या न्यायाधीशांनी याच मुद्द्यावर ॲपलने न्यायालयाचा आदेश जाणूनबुजून मोडला असं ठरवलं. प्रत्येक खटला कंपनीविरुद्ध गेला असं नाही. मेटावरचा अमेरिकन खटला नोव्हेंबर २०२५ मध्ये फेटाळला गेला. पण या प्रश्नांना अमेरिकन न्यायालयं गंभीरपणे घेतात.

आता खंडणी. खंडणी घेणारा हिशेब देत नाही, आणि त्याच्याविरुद्ध अपील नसतं. इथे दंडाची रक्कम अंतिम निकाल लागेपर्यंत युरोपच्या अर्थसंकल्पात धरलीच जात नाही. कंपनी बँकेची हमी देते किंवा तात्पुरते पैसे भरते. निकाल पक्का झाला की ती रक्कम सर्वसाधारण अर्थसंकल्पात येते आणि सदस्य देशांनी भरायची वर्गणी तेवढी कमी होते. हा अर्थसंकल्प वर्षाला दीडशे अब्ज युरोंच्या वरचा. दंडावर तो चालतो म्हणणं हास्यास्पद आहे. आणि आयोग हरतो तेव्हा पैसे परत जातात. इंटेलचा २००९ मधला १.०६ अब्जांचा दंड न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केला, २०२४ मध्ये तो निकाल कायम झाला. चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचा ९९.७ कोटींचा दंडही रद्द झाला. गुगलच्याच ॲडसेन्स (इतरांच्या वेबसाइटवर जाहिराती दाखवणारी सेवा) प्रकरणातले १.४९ अब्ज सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाले, आयोगाच्या वरच्या मोठ्या विजयानंतर अवघ्या आठ दिवसांनी. ॲपलच्या आयर्लंडमधल्या १३ अब्जांच्या करप्रकरणाचा पैसा तर ब्रसेल्सला गेलाच नाही, तो आयर्लंडला मिळाला.

दंडाचा आकडा डोळे दिपवतो हेही खरं. २.९५ अब्ज युरो म्हणजे सुमारे तीस हजार कोटी रुपये. पण अल्फाबेटचं २०२४ चं उत्पन्न ३५० अब्ज डॉलर होतं. हिशेब मांडला तर हा दंड साडेतीन दिवसांच्या गल्ल्याएवढा भरतो. म्हणूनच माझं लक्ष दंडाच्या रकमेपेक्षा कंपनीने काय बदललं याकडे जास्त असतं.

"ग्राहकाला काय मिळालं?" हा प्रश्न रास्त आहे. स्पॉटिफायची वर्गणी तिच्या वेबसाइटवर ९.९९ युरो होती तेव्हा आयफोनच्या ॲपमधून घेतली की १२.९९ पडायची, कारण मध्ये ॲपलचं कमिशन होतं. बाहेर स्वस्त आहे ही साधी ओळ ॲपमध्ये लिहायला मनाई होती. त्यावरून मार्च २०२४ मध्ये ॲपलला १.८ अब्ज युरो दंड झाला. जुलै २०२४ मध्ये ॲपलने कुठलाही दंड न होता लेखी हमी दिली आणि आयफोन टेकवून पैसे देण्याची सोय युरोपात दहा वर्षांसाठी इतर पेमेंट ॲपनाही खुली केली. तोटेही झाले. मेटाचं थ्रेड्स ॲप युरोपात पाच महिने उशिरा आलं, ॲपलच्या काही सुविधा अजून रोखलेल्या आहेत, गुगलच्या सर्चमधून थेट नकाशावर जाणारी वाट गेली, आणि आपली थेट बुकिंग घटल्याची तक्रार हॉटेलवाल्यांनी केली. डिजिटल बाजार कायदा पुन्हा तपासायचा तर या तक्रारी आधी ऐकायला हव्यात.

राहिला शोधांचा मुद्दा, आणि इथे फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख मारियो द्राघी यांच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात हे निर्दयपणे मांडलंय. २००८ ते २०२१ या काळात युरोपात उभ्या राहिलेल्या १४७ युनिकॉर्नपैकी (अब्ज डॉलरहून जास्त मूल्याच्या नव्या कंपन्यांपैकी) ४० कंपन्यांनी मुख्यालय बाहेर नेलं, बहुतेकांनी अमेरिकेत. नियमांचं ओझं हे त्यामागचं एक कारण द्राघीही मान्य करतात. पण त्यांच्या यादीत वाढीसाठी भांडवल न मिळणं आहे, २७ तुकड्यांत विभागलेला बाजार आहे. गुगलला दंड केला नसता तर युरोपात गुगल निर्माण झालं असतं, असं कुठेच नाही. राफ दांपत्याला कमी पडली ती स्पर्धेची संधी. कल्पना त्यांच्याकडे होती.

"भारताने हा रोग लावून घेऊ नये" ही सूचना तर उशिरा आली आहे. अँड्रॉइड प्रकरणात युरोपचा दंड जुलै २०१८ मध्ये झाला आणि त्याच वर्षी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तशीच तक्रार गेली. प्ले स्टोअर हवं असेल तर गुगलची बाकीची ॲपही फोनमध्ये आधीच घालून द्यायची, ही अट दोन्हीकडे वादात होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या आयोगाने १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, पुढच्या मार्चमध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले पण दंड कायम ठेवला. त्याआधीच, जानेवारी २०२३ मध्ये, गुगलने जाहीर केलं होतं की भारतात फोन बनवणाऱ्यांना हवी ती ॲप सुटी घेता येतील आणि वापरणाऱ्याला आपलं सर्च इंजिन निवडता येईल. ही तक्रार घेऊन आयोगाकडे कुठली प्रतिस्पर्धी कंपनी गेली नव्हती. तिघा तरुणांनी ती केली होती.